पहिला म्हणजे कोणता

समी रस्त्यावर उजव्या कुशीवर पडली होती आणि तिचे दोन्ही बूट सायकलच्या पायडलला तसेच अडकलेले होते. समोरून, उतारावरून, कापसाचा ट्रक येत होता. गच्च भरलेला, वर जाळी ताणलेली, दोन्ही बाजूंनी पोट सुटलेलं. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला. टायर घासत घासत आले. पुढचं चाक समीच्या डोक्यापासून हातभरावर थांबलं. जळलेल्या रबराचा वास आला आणि वरच्या जाळीतून कापसाचे दोन-तीन पुंजके उडून रस्त्यावर पडले.

मी रपट्याच्या, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या, कठड्यावर बसले होते. मी नातीकडे धावले. तिचे आबाजी, म्हणजे माझे मालक, ते रस्त्याच्या कडेला झुडपात धावले.

"अहो, पोरगी इकडं हाये," मी म्हटलं. "तिकडं काय शोधून राह्यले?"

"गोटा."

"गोटा कायले?"

दोन्ही हातांत मावेल एवढा दगड घेऊन ते आले आणि समीकडे न बघता ट्रकच्या पुढच्या चाकाखाली तो दाबून बसवला. पायानं आणखी आत ठोकला. मग आमच्याकडे आले. तोवर मी एकटीच त्या बुटांशी झटत होते. शर्यतीचे ते बूट पायडलला खटक्यानं बसतात, ते कसे सुटतात हे मला माहीत नव्हतं. टाच बाहेर फिरवायची असते. माहीत असतं तरी त्या वेळी सुचलं नसतं.

समीचा चेहरा पांढरा पडला होता. ती रडली नाही. आबाजींकडे बघून म्हणाली, "आबाजी, तुमीच तं म्हनलं पहिला टाक. मी पहिलाच टाकला."

आता पुन्हा कापूस फुटला आहे. सकाळी दहिवर पडतं, तुरीला पिवळी फुलं आली आहेत, वावरात शिरलं की लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. परवा सीतादहीची पूजा केली, दहीभात शिंपडला आणि कमरेला कापसाची ओटी बांधून पहिली वेचणी सुरू केली. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागली आणि मला वावर दिसायच्या जागी तो चढ दिसला. हे दरवर्षी होणार की काय, कोण जाणे. झालं तर होऊ दे.

समी म्हणजे समीक्षा, माझ्या मोठ्या मुलाची मुलगी. यवतमाळला कॉलेजात शिकते. तिथं एका सरांनी तिला शर्यतीच्या सायकलीवर बसवलं आणि ती उतरायलाच तयार नाही. सायकल नागपूरच्या कोण्या मुलीची जुनी. ती घरी आणली त्या दिवशी गल्लीतल्या बाया बघायला आल्या. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, टायर बोटाएवढे. मी एका हातानं उचलून पाहिली. कोंबडीचं खुराडं याहून जड असतं.

शेजारची सुशीला म्हणाली, "स्टँड बी नाई वं? मंग ठेवतं कशी हिले? कडेवर?"

"भिंतीले टेकवतो," समी म्हणाली.

"अन् भित नसली तं?"

"मंग तुमाले टेकवतो, काकू."

सुशीला हसली, पण जाताना म्हणालीच, की पोरीच्या जातीनं असे तंग कपडे घालून रस्त्यानं फिरावं का. मी म्हटलं, तुझ्या सुनेचा गाऊन घालून सायकल चालवता येत नाही, नाहीतर तोच दिला असता. तो विषय तिथं संपला.

खरी अडचण कपड्यांची नव्हती, गुडघ्याची होती. समी जोरदार मुलगी. लहानपणापासून विहिरीवरून दोन दोन बादल्या आणायची. सायकलीवरही तिनं तेच केलं. सगळ्यात जड गिअर लावायचा आणि दात-ओठ खाऊन रेटायचं. सपाट रस्त्यावर ती पोरांना मागे टाकायची. पण चढ आला की सायकल रांगायची आणि गुडघा सुजायचा. डॉक्टरनं सांगितलं, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवायला शीक, नाहीतर सायकल सोड. तिसरा रस्ता त्यांनी दिला नाही. जिल्ह्याची निवड पुढं होती आणि निवडीत चढ होता. समीनं त्या दिवशी जेवताना ताटातली भाकर तशीच ठेवली. ती भाकर ठेवणारी मुलगी नाही. तेव्हा मला कळलं की हे खूळ नाही, हिला हेच पाहिजे आहे.

सर फोनवर सांगायचे, "समीक्षा, जोर नको. लय सांभाळ. लय सोडू नको."

फोन मोठ्या आवाजात लावलेला. आबाजी बाजूला बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "एकीकडं म्हनते जोर नको, अन् मंग म्हनते लय. लय काय पाहिजे याले?"

"लय म्हंजे तसं नाई आबाजी. गाण्यातली लय. पाय सारखे फिरले पाहिजे."

"मंग सारखे म्हना ना. आमच्यात लय म्हंजे भल्ला, पुष्कळ."

आबाजींनी सारी उमर ट्रक चालवला. वणीच्या खाणीवरून कोळसा भरायचा, चंद्रपूरकडं न्यायचा, कधी पांढरकवड्यावरून हैदराबादच्या रस्त्याला लागायचं. घरी कमी, रस्त्यावर जास्त. पण गावाच्या वळणावर त्यांचा ट्रक आला की मला आवाजावरून कळायचं. वळणावर गिअर खाली पडताना इंजिन आधी खोकायचं, मग गुरगुरायचं. गुरगुर जाड असली की ट्रक भरलेला, म्हणजे माणूस जेवून लगेच जाणार. पातळ असली की रिकामा, म्हणजे मुक्काम. मी त्या मापानं पोळ्या लाटायचे. नवरा बायकोला काय सांगतो, त्याहून जास्त मला त्या गिअरनं सांगितलं आहे.

लग्नाच्या पहिल्या साली त्यांनी मला एकदा केबिनमध्ये बसवून पांढरकवड्याला नेलं होतं. वाटेत म्हणाले, आयक, इंजिन काय म्हनते ते. मला काही ऐकू आलं नाही, डिझेलच्या वासानं उलटी आली. चढावर गाडी दमली तेव्हा त्यांनी दांडा ओढला, खाली कुठंतरी दात दातात बसले आणि गाडी मुंगीसारखी पण न थांबता वर निघाली. "हा पहिला," ते म्हणाले. "पहिला कधी दगा देत नाई. वेग नाई त्याच्यात, पन तो डोंगर चढवते."

तेव्हा गिअर म्हटला की आमच्या घरात आबाजी. समीचं गिअरचं झंझट सुरू झालं तेव्हा ते खुशीनं त्यात पडले. रिटायर माणसाला कोणी काही विचारलं की तो उभा राहून उत्तर देतो. तसंच झालं.

मला जेवढं कळलं ते सांगते. सायकलच्या पुढं, पायडलपाशी, दातांच्या दोन चकत्या असतात, एक मोठी, एक लहान. मागच्या चाकापाशी लहान-मोठ्या चकत्यांची उतरंड असते. साखळी या चकतीवरून त्या चकतीवर उडी मारते, तोच गिअर. यात एक खोड आहे. पुढची मोठी चकती जड आणि मागची मोठी चकती हलकी. म्हणजे मोठी म्हटलं की काय समजायचं, ते तुम्ही कुठं बघता यावर आहे. ज्यानं हे बनवलं त्याला चार माणसांना समजावून सांगायचं काम पडलं नसावं.

पण आमचा घात मोठ्या-लहानानं नाही केला. मोजण्यानं केला.

ट्रकवाल्याचा पहिला म्हणजे सगळ्यात ताकदीचा, चढाचा. समीनं मात्र आपल्या सायकलीच्या मागच्या चकत्या बाहेरून आत मोजल्या होत्या, कारण बाजूला बसून बघितलं की बाहेरची आधी दिसते. बाहेरची सगळ्यात लहान. सगळ्यात लहान म्हणजे सगळ्यात जड. तिचा पहिला तो होता.

बाभुळगावच्या बाजूला सपाट रस्त्यावर दोघं रोज जायचे, ती पुढं, आबाजी मोपेडवर मागं. आबाजी ओरडायचे, "एक हलका कर", "एक जड कर", आणि चालायचं. सपाटीवर पहिल्याचं नाव कोण घेतं? पहिला चढावरच आठवतो. म्हणून तो दिवस येईपर्यंत दोघांनाही कळलं नाही, की त्यांचे पहिले वेगळे आहेत.

त्या दिवशी पहिल्यांदा चढावर गेलो. यवतमाळ उंचावर आहे, बाभुळगावकडून जाताना रस्ता वर चढतो, आणि एका जागी रपटा ओलांडला की एकदम उभा होतो. मी सोबत गेले कारण शेंगदाण्याचे लाडू आणि पाणी माझ्याकडे होतं, आणि आबाजी एकटे असले की चहाच्या टपरीवर अडकतात. मी रपट्यावर बसले. आबाजी थोडं वर उभे राहिले. समी खालून आली. तिचे पाय जड पडायला लागले, खांदे डोलायला लागले. आबाजींना ते दिसलं. त्यांना बहुतेक इंजिन खोकताना ऐकू आलं असेल. ते ओरडले, "पहिला टाक, समी. पहिला."

तिनं टाकला. खट, खट, खट. साखळी खाली खाली गेली, पाय जागच्या जागी थांबले, सायकल थांबली, बूट सुटले नाहीत, आणि ती उजवीकडे पडली, रस्त्याच्या मध्ये.

हसली मोडली होती. गळ्याखालचं हाड. डॉक्टर म्हणाले, सायकलवाल्यांचं तेच मोडतं, जुळेल. समीचा हात गळ्यात बांधला. निवड हुकली.

घरात आबाजी गप्प झाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती आणि एका शब्दानं नात चाकापुढं गेली. ते टपरीवर जाईनात. तिथं पेन्शनर ड्रायव्हर बसतात, एकमेकांचे अपघात सांगतात. यांच्याकडे सांगायला कधी काही नव्हतं, याचीच यांना ऐट होती. मी समजूत घातली नाही. मला ते जमत नाही आणि समजुतीनं हाड जुळत नाही. मी वेळेवर चहा देत होते. पण खरं सांगायचं तर मलाही राग होता, आणि तो शब्दाचा नव्हता. शब्द कोणाचाही चुकतो. मला त्या दगडाचा राग होता. नात रस्त्यावर पडलेली असताना माणूस दगड शोधतो?

गावाला ते मिळालंच होतं. सुशीला दारात येऊन म्हणाली, "बुढा नातीले टाकून गोटा पाहाले गेलता म्हनते."

"गेलता," मी म्हटलं. "तुले कायचं दुखते?"

मग एका दुपारी तो ट्रकवाला आला. तरणा माणूस, संत्र्यांची पिशवी घेऊन. चप्पल दाराबाहेर काढून उंबऱ्यापाशीच बसला. आबाजी आत होते, बाहेर आले नाहीत. समी बाजेवर होती. त्याच्याकडे न बघता संत्रं सोलायचा प्रयत्न करत होती, एका हातानं. त्यानं तिच्या हातातून संत्रं घेतलं आणि सोलून दिलं.

"ताई, हात कसा हाये?"

"हाये."

मग तो माझ्याकडे वळला. "काकू, सांगाले आलो. माह्या गाडीचा हँडब्रेक धरत नव्हता. मी पायानं ब्रेक दाबून होतो, पन पाय थरथरून राह्यला होता. गाडी बोटभर सरकली अन् गोट्यावर येऊन टेकली. काकांचा गोटा नसता, तं…" त्यानं सालं गोळा केली. "हँडब्रेक दुरुस्त केला आता."

"आधी काहून नाई केला?" मी विचारलं.

तो म्हणाला, "चालून राह्यलं होतं."

आतून आबाजींचा आवाज आला, "गिअरमंदी टाकून उतराव लागते गाडी. उतारावर रिव्हर्समंदी."

"हो काका."

"हो म्हनू नको. करत जाय."

मी तेव्हा हिशेब लावला. चाक बोटभर सरकलं तेव्हा चाकापुढं समी एकटी नव्हती. तिचे बूट ओढत मीही तिथंच बसले होते. राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी आबाजींच्या ताटात मी तूप जरा जास्त वाढलं, आणि त्यांनी ते बघितलं.

मग सरांनी एक लोखंडी घोडी पाठवली. तिच्यावर मागचं चाक अडकवलं की सायकल जागच्या जागी चालते. ती अंगणात मांडली. समी एक हात गळ्यात, एक हात मुठीवर ठेवून पाय फिरवायची. गररर असा आवाज दिवसभर. कोंबड्या आधी पळाल्या, मग खाली येऊन बसायला लागल्या. मी बाजूला कापूस निवडत बसायचे, काडीकचरा काढत. थोड्या वेळानं बघितलं तर माझे हात तिच्या पायांच्या मापात चालत होते. ती भरभर फिरवायची तर मी भरभर. तिनं जोर लावून रेटलं की आवाज तुटायचा आणि माझाही हात अडायचा. मी म्हणायचे, "तुटलं." ती म्हणायची, "कळलं, आजी."

यावरून कोणी म्हणेल, की कापूस वेचणं आणि सायकल चालवणं एकच. ते एक नाही. कापसानं कंबर जाते, सायकलीनं गुडघा. पण दोन्हीकडे ओढून काढणारा लवकर दमतो, एवढं खरं. मी लग्न होऊन आले तेव्हा बोंडं ओरबाडायची आणि दुपारीच बोटं रक्ताळायची. सासूनं शिकवलं नाही, नुसती हसली. हळूहळू हात आपोआप हलका झाला. समीला तसं आपोआप होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. गुडघा थांबणार नव्हता.

एक दिवस सर स्वतः आले. सायकलीपाशी उकिडवे बसून त्यांनी दाखवलं. गिअर टाकताना पायाचा जोर एका फेऱ्यापुरता सैल करायचा. पाय फिरत राहिले पाहिजेत, पण दाबायचे नाहीत. मग साखळी न कुरकुरता जागेवर बसते. आणि चढ लागल्यावर नाही, लागायच्या आधी टाकायचा.

आबाजी खांबाला टेकून ऐकत होते. कित्येक दिवसांनी बोलले. "म्हंजे पायच क्लच."

सरांनी मान वर केली. "बरोबर. पायच क्लच."

"हे आधी सांगाचं ना सर. तुमी लय लय करत बसले."

सर हसले. समी हसली आणि हसली दुखली म्हणून कण्हली. मग त्या तिघांनी बसून ठरवलं, की या घरात गिअरला नंबर नाही. पहिला नाही, दुसरा नाही, मोठा नाही, लहान नाही. फक्त हलका आणि जड. आबाजी दोनदा विसरले. दोन्ही वेळा समीनं पाय थांबवले आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा विसरले नाहीत.

फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा, शेवटचा कापूस वावरात उरला होता तेव्हा डॉक्टरनं हात मोकळा केला. समी म्हणाली, उद्या चढावर. आबाजी म्हणाले, "मी येत नाई. माह्या तोंडून पुन्हा काई निंगाले नको."

"तोंड घरी ठेवा," समी म्हणाली. "मोपेड घेऊन चला."

गेलो. मी मागच्या सीटवर, लाडूचा डबा मांडीवर. रपट्याच्या पुष्कळ आधी समीनं गिअर हलका केला. पाय सैल पडलेले मला मागून दिसले, मग साखळी बसल्याचा बारीक आवाज आला, मग पुन्हा पाय लागले. चढ सुरू झाला. आणि जे मी अंगणात बघितलं होतं ते रस्त्यावर बघितलं. पाय भुरूभुरू आणि सायकल हळू. इतकी हळू, की काडीचा भारा घेऊन चाललेली एक बाई बराच वेळ तिच्या बरोबरीनं चालत होती आणि विचारत होती, "हवा नाई का वं टायरमंदी?" समीला बोलायला श्वास नव्हता, पण खांदे डोलत नव्हते.

ती जिथं पडली होती ती जागा जवळ आली. समोरून कापसाचा एक ट्रक उतरत होता. हॉर्न वाजवत आला आणि गेला. सायकल हवेनं जराशी हलली. तिथं चढ सगळ्यात उभा आहे. आबाजींच्या पाठीला मी हात टेकवला होता, त्यांची पाठ ताठ झालेली मला कळली. ते हळूच, स्वतःशीच म्हणाले, "हलका."

तिला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मला ऐकू आलं. पण तिनं त्याआधीच टाकला होता.

वर पोहोचल्यावर तिनं आधी बूट सोडवला, मग थांबली. आबाजींनी मोपेड लावली आणि उगाच तिच्या मागच्या चाकाकडं बघत बसले. मी पाणी दिलं.

"गुडघा?" मी विचारलं.

"नाई दुखत."

"हसली?"

"ठनकून राह्यली."

"ठनकू दे. लाडू खा."

यंदाची निवड अजून व्हायची आहे. तिची होईल की नाही, मला माहीत नाही. समी रोज जाते. तिच्यापेक्षा जोरदार पोरी नागपूरकडं आहेत म्हणतात. असतील. सुशीलाची नात आता म्हणते मलाही सायकल पाहिजे, आणि सुशीला माझ्याशी बोलत नाही. तो ट्रकवाला सणासुदीला फोन करतो. आबाजी त्याला ब्रेकचं विचारतात, मुलाबाळांचं विचारत नाहीत. आबाजींचे गुडघे गेले आहेत, पण सकाळी मोपेड काढतात. मी सोबत जाते, कधी वावरात जाते. कंबर साथ देईल तेवढी वेचणी करते, उरलेली मजूर बायांवर सोडते.

समी पडली त्या दिवशी त्या चढावर चार माणसं होती. समी, तिचे आबाजी, तो ट्रकवाला आणि मी. चौघंही आहोत.